कुटुंबाचा चौकोन

नुसरत,

तू जाऊन अजून महिनाही झाला नाही. ऑफिसात तुझ्या खुर्चीवर कुणी बसत नाही, पण तिच्यासमोरच्या मोकळ्या जागेवर आता प्रिंटरचे कागद, कुणाचं तरी हेल्मेट, कुरिअरचे खोके जमायला लागलेत. मला वाटलं होतं, ते पाहून मला राग येईल. आला नाही. मोकळी जागा दिसली की तू स्वतःच तिथं काहीतरी आणून ठेवायचीस. मला राग येतोय तो दुसऱ्याच गोष्टीचा. आपलं भांडण चालू असताना तू मधूनच उठून गेलीस. तुझी ती सवय नव्हती. जेवायची वेळ टळून गेली तरी तू म्हणायचीस, "हे संपवू, मग डबा उघडू. अर्धं सोडलं की मला घास उतरत नाही."

मला अजून उतरत नाही. म्हणून लिहायला बसलेय.

मी पहिल्यांदा ऑफिसात आले तेव्हा आपली सॉफ्टवेअर कंपनी जालना रोडवर एका औषधाच्या दुकानाच्या वर, दोन खोल्यांत होती. सतीश सर मालक आणि तू सगळ्यांत जुनी. मी तुला मॅडम म्हटलं. तू म्हणालीस, "मॅडम नको. मॅडम म्हटलं की वाटतं कुणीतरी सही मागायला आलंय. नुसरत म्हण." तू माझ्यापेक्षा चांगली पाच-सहा वर्षांनी मोठी, नावानं हाक मारायला माझी जीभ रेटेना. मग मी कुठलीच हाक मारायची नाही. तुझ्याजवळ येऊन उभी राहायची आणि तू मान वर करेपर्यंत थांबायची. शेवटी तूच वैतागलीस. "नाव घेऊन बोलव नाहीतर पेन फेकून मार, पण अशी मागं येऊन उभी राहू नको. दचकायला होतं मला."

त्या दिवसापासून तू नुसरत झालीस आणि मी मंजिरीची मंजू.

डेटाबेस मला येतो असं मला वाटायचं. कॉलेजात मार्क चांगले होते, व्याख्या तोंडपाठ होत्या. पण तू ज्या टूलमध्ये पडद्यावर चित्र काढून डेटाबेस बांधायचीस, ते मी कधी उघडलंसुद्धा नव्हतं. तू एक चौकोन काढलास, त्यावर 'विद्यार्थी' लिहिलंस. शेजारी दुसरा काढलास, 'वर्ग'. दोघांमध्ये रेघ ओढलीस. चौकोन म्हणजे एका प्रकारची माहिती साठवायची जागा, रेघ म्हणजे त्यांचं नातं, आणि चित्र पुरं झालं की एक बटण दाबायचं, टूल स्वतःच त्या चित्राबरहुकूम खरा डेटाबेस तयार करून देतं. "घराचा नकाशा काढला, बटण दाबलं आणि घर उभं राहिलं, असं समज," तू म्हणालीस. "म्हणून नकाशातच संडास विसरायचा नाही."

मी हसले. पुढच्याच आठवड्यात मी विसरले. शाळेच्या त्या आराखड्यात मुलांच्या शाळा सोडण्याची नोंद कुठंच नव्हती. माझ्या चित्रात एकदा शाळेत आलेलं मूल कायमचं तिथंच बसलेलं होतं. तू ते पाहून म्हणालीस, "बिचारं. त्याला घरी तरी जाऊ दे."

मी चित्र काढायला फार वेळ लावायची, नुसरत. चौकोन एका ओळीत आणायचे, रेघ सरळ करायची, मग एक चौकोन हलवला की सगळ्या रेघा पुन्हा वाकड्या. दुपारपर्यंत माझं चित्र सुंदर दिसायचं आणि त्यात काम काहीच झालेलं नसायचं. एक दिवस जेवून आले तर माझा माउस गायब. तू तो पर्समध्ये टाकून घेतला होतास. "दोन दिवस कीबोर्डवर चालव," म्हणालीस. मी चिडले, सतीश सरांकडं गेले. ते म्हणाले, "तिचा माउसही मागं एकदा मीच लपवला होता," आणि आपल्या कामाला लागले. ते खरं होतं की मला पिटाळायला सांगितलं, हे मी तुला कधी विचारलं नाही.

पण दोन दिवसांत माझे हात बदलले. नवा चौकोन, नवा रकाना, रेघ, शोध, सगळं बोटांवर आलं. मग हळूहळू तू बाकीचं शिकवलंस. प्रत्येक चौकोनात लागणारे तेच ते रकाने, म्हणजे नोंद कुणी केली, कधी केली, शेवटचा बदल कुणाचा, हे पुन्हा पुन्हा लिहीत बसायचं नाही. त्यांचा एक साचा करून ठेवायचा आणि नवा चौकोन त्यातूनच काढायचा. सगळं एकाच मोठ्या चित्रात कोंबायचं नाही, विषयवार पानं पाडायची, प्रत्येक पानाला एक रंग द्यायचा, म्हणजे हिरवं दिसलं की गावं आणि निळं दिसलं की पाणी. आणि घाईत असतानाही डेटाबेसमध्ये परस्पर काही बदलायचं नाही. बदल चित्रात करायचा आणि चित्रात व खऱ्या डेटाबेसमध्ये काय फरक पडला ते टूललाच शोधायला लावायचं. "माणूस फरक शोधायला बसला तर आपल्याला हवा तोच शोधतो," तू म्हणायचीस.

एकदा मी विचारलं होतं, एवढी घाई कशाला? आपल्याला कुठं कोण पळवतंय? तेव्हाचं तुझं उत्तर मी पुढं नव्या आलेल्या प्रत्येकाला सांगितलंय, कधी तुझ्या नावानं आणि कधी माझंच असल्यासारखं. तू म्हणालीस, "हात लवकर चालला की बदल करायचा कंटाळा येत नाही. कंटाळलेल्या माणसाला चूक दिसली तरी तो दिसली नाही म्हणतो."

ते मला खरं समजलं दुष्काळाच्या त्या साली.

ते वर्ष वाईट होतं. हिवाळ्यातच विहिरी खाली गेल्या आणि उन्हाळ्याआधीच सगळीकडं टँकर धावायला लागले. कुठल्या गावाला कुठला टँकर, तो पाणी कुठून भरतो, पोचला की नाही, ही सगळी माहिती प्रत्येक तालुक्यात आपापल्या पद्धतीनं लिहिलेली. ती एका जागी आणायचं काम आपल्याकडं आलं. सतीश सरांना स्क्रीन, म्हणजे माहिती भरायची आणि बघायची पानं, लगेच हव्या होत्या. "चित्रं नंतर काढा गं," ते म्हणाले, "लोकांना पडद्यावर काहीतरी दिसलं पाहिजे. उन्हाळा तोंडावर आलाय."

तू म्हणालीस, "सर, लोकांना दिसेलच. मी चित्रच दाखवणार आहे."

"अधिकाऱ्यांना चौकोन दाखवणार?"

"हौ. त्यांचेच चौकोन आहेत."

आणि तू खरंच दाखवलेस. वैजापूरच्या त्या सभागृहात पंखे फिरत होते आणि हवा कुठंच नव्हती. समोर तालुक्यातले ग्रामसेवक, तलाठी, दोन-तीन अधिकारी. भिंतीवर प्रोजेक्टरनं आपला आराखडा. मला वाटत होतं, हे लोक आता जांभया देणार. तू चित्रातली एकेक रेघ मराठीत वाक्य करून वाचायला लागलीस, आधी एका बाजूनं आणि मग उलट्या बाजूनं.

"एका गावाला एक किंवा जास्त टँकर. बरोबर?"

"बरोबर," दोघं-तिघं म्हणाले.

"एका फेरीत टँकर एकाच गावाला जातो. बरोबर?"

लोक एकमेकांकडं बघायला लागले. मग मागून एक ग्रामसेवक म्हणाले, "कागदावर बरोबर हाय, मॅडम."

तू हातातला माउस खाली ठेवलास. "आणि कागदाबाहेर?"

सगळे हसले. ग्रामसेवक उभे राहिले. "गावात टाकी हाय. टँकर येतं, टाकीत पाणी सोडतं आन् जातं. पण आमच्या वस्त्या लांब, रानात. तिथल्या बायांनी टाकीपतूर यायचं कसं?"

दुसऱ्या रांगेतून एक तलाठी म्हणाले, "ती तुमची वस्ती नावाला तुमच्या गावात. रस्ता आमच्याकडून. टँकर आम्हीच पाठवायचं, आन् मोजायचं मात्र तुमच्यात."

"तुमच्यात कसं? नोंद आमच्याकडं हाय."

"नोंद हाय, रस्ता कुठं हाय?"

दोघांची चांगलीच जुंपली. अधिकारी त्यांना गप्प करायला निघाले. तू हात वर केलास. "बोलू द्या सर. कामाचं बोलतायत." आणि ते भांडत असताना तू भिंतीवर, सगळ्यांसमोर, गाव आणि टँकर यांच्यामधली रेघ काढून टाकलीस. एक नवा चौकोन काढलास. 'वस्ती'. त्याची एक रेघ गावाला जोडलीस, नोंदीसाठी. दुसरी रेघ रस्त्यासाठी, दुसऱ्या गावाकडं. टँकर आता वस्तीला जाऊन मिळाला. तुझी बोटं इतकी सहज चालत होती की भांडणाऱ्यांचं लक्षच नव्हतं. मग त्यांचं लक्ष गेलं आणि ते भिंतीकडं वळले.

"आता बघा," तू म्हणालीस. "वस्ती नोंदीला यांच्या गावची. पाणी येणार त्यांच्या रस्त्यानं. दोन्ही खरं. आता भांडण राहिलं का?"

ते ग्रामसेवक पुढं आले. भिंतीवर बोट टेकवून म्हणाले, "आन् आमच्या गावाला टाकी बी हाय, तिला बी पाणी लागतंय. ती कुठं दाखवता?" तू टाकीही काढलीस. मग सगळेच उठून भिंतीजवळ आले. कुणी म्हणे विहीर अधिग्रहण केली ती इथं घ्या, कुणी म्हणे जनावरांचं पाणी वेगळं दाखवा. जेवणाची वेळ झाली तरी कुणी हललं नाही. मी कोपऱ्यात बसून ते बघत होते. माझ्या कॉलेजच्या पुस्तकात हे कुठंच नव्हतं.

परतताना गाडीत सतीश सर कपाळावर हात ठेवून बसले होते. "आता सगळ्या स्क्रीन बदलाव्या लागतील."

"एकही बनवलेली नाही ना सर," तू म्हणालीस. "मग बदलायचं काय?"

लासूरला त्यांनी स्वतःहून गाडी थांबवायला सांगितली आणि आपल्याला भजी खाऊ घातली. त्यांची माफी मागायची पद्धत तीच होती.

ऑफिसात येऊन तू चित्र पुन्हा एकदा वाचलंस, टूलला फरक काढायला लावलंस, आणि चहा पिऊन होईतो नवा आराखडा डेटाबेसमध्ये उतरलाही होता. तेव्हा मला माझा गायब झालेला माउस आठवला.

मे महिन्यात आपण दोघी काम कसं चाललंय ते बघायला त्या बाजूला गेलो होतो. उन्हात एका वस्तीवर टँकर उभा होता आणि प्लॅस्टिकच्या टाक्यांची रांग लागली होती. तू एका बाईंना विचारलंस, पाणी येतंय का नीट. "येतंय की," त्या म्हणाल्या. "आधी गावात यायचं आन् तिथंच सरायचं. आता हितं येतंय. तुम्ही पाण्याच्या ऑफिसातल्या मॅडम का?"

"नाय, आम्ही चित्रं काढतो," तू म्हणालीस.

त्या बाई पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. "चित्रं काढून पाणी येतंय व्हय?"

तूही हसलीस, नुसरत. गाडीत बसल्यावरही तू हसत होतीस, आणि मग तोंड खिडकीकडं फिरवलंस. तुझे डोळे भरले होते. मला वाटलं धूळ असेल. तूही धूळच म्हणालीस.

त्यानंतर पाऊस आला, मग चांगली वर्षं आली, मग पुन्हा कोरडी. शहर मात्र कुठल्याच वर्षी थांबलं नाही. शेंद्र्याकडं कारखाने वाढले, बिडकीनकडं रुंद रस्ते झाले, जिथं ज्वारी पाहिली होती तिथं फ्लॅटच्या जाहिराती लागल्या. आपल्या दोन खोल्यांचं मोठं ऑफिस झालं. नवी मुलं-मुली आली आणि त्या प्रत्येकाचा माउस कधी ना कधी हरवला. त्यांतली काही आज पुण्यात, बंगळुरात आहेत. तू गेल्याचं कळल्यावर सगळ्यांचे फोन आले. बोलता बोलता सगळे माउसवरच यायचे.

आणि मग ते नळजोडण्यांचं काम आलं. शहराच्या जुन्या भागातल्या आणि चोहोबाजूंनी वाढलेल्या नव्या वसाहतींमधल्या नळांची माहिती एकत्र आणायची. त्याच महिन्यांत तुझं दुखणं निघालं, उपचार सुरू झाले, तू घरून काम करायला लागलीस. मी ऑफिसात, तू रोशन गेटजवळच्या तुझ्या घरी, आणि दोघींसमोर एकच चित्र. तुला बोलताना धाप लागायची, पण बोटांना लागायची नाही. मी एक चौकोन काढून होईतो तुझ्याकडून तीन आलेले असायचे.

मधेच तू ओरडायचीस, "मंजू, थांब, पाणी आलं!" आणि मागून भांड्यांचा खणखणाट, तुझ्या जावांच्या हाका, मोटरीचा घरघराट. शहरात नळ रोज थोडाच येतो, आला की सगळं सोडून पळायचं. नळजोडण्यांचा आराखडा करणारी बाई नळाला पाणी आलं म्हणून मीटिंग सोडून जाते, यावर आपण किती हसलो होतो. तुला घरचे लोक उठू द्यायचे नाहीत. तू तरी उठायचीस, नुसती दारात उभी राहून सगळ्यांना सूचना द्यायला.

त्याच चित्रावरून आपलं भांडण लागलं. माझं म्हणणं, नळजोडणी मालमत्तेला जोडायची. घराला, इमारतीला. भिंती हलत नाहीत. तुझं म्हणणं, एक 'कुटुंब' नावाचा चौकोन काढायचा आणि जोडणी त्याच्यापर्यंत न्यायची.

"कुटुंबं बदलतात, नुसरत. आज एक असतं, उद्या त्याची दोन होतात. कुणाचं लग्न होतं, कुणी वेगळं राहतं, कुणी गाव सोडतं. रोज नोंद बदलत बसायची?"

"बदल की. हात चालतो ना आता तुझा?"

"प्रश्न हाताचा नाही. डेटाबेस जेवढा स्थिर राहील तेवढा चांगला."

"पाणी भिंती पितात का गं, मंजू?"

"तू असं बोललीस की मला वादच घालता येत नाही."

"मग घालू नको. चौकोन काढ."

मी काढला नाही. दुसऱ्या दिवशी तू काढून ठेवलास. मी तो पुसला. तू पुन्हा काढलास, या वेळी लाल रंगात. आपलं हे पाहून ऑफिसातली मुलं हसायची. सतीश सर म्हणाले, "तुमचं मिटलं की मला सांगा." त्या महिन्यांत तू किती आजारी होतीस हे मला माहीत होतं, आणि तरी मी माझं म्हणणं सोडलं नाही. तुला ते आवडायचं, हे मला ठाऊक होतं. बाकी सगळे तुझ्याशी हळू आवाजात बोलायला लागले होते. भांडायला तुझ्याकडं एक मीच उरले होते.

शेवटचा फोन तूच केला होतास. आवाज फार बारीक झाला होता.

"कुटुंबाचा चौकोन काढलास?"

"नाही."

"जिद्दी आहेस."

"तू बरी होऊन ऑफिसात ये आणि काढ."

"येते ना," तू म्हणालीस.

थँक्यू म्हटलं की तू चिडायचीस. "थँक्यू मेलमध्ये लिही, तोंडावर नको," म्हणायचीस. म्हणून मी इतक्या वर्षांत कधी म्हटलंच नाही, आणि त्या दिवशीही फोन तसाच ठेवला. तू मला हात दिलेस, नुसरत. चूक दिसली की ती बोलून दाखवायचं धैर्य दिलंस, कारण ती सुधारायला वेळ लागणार नाही याची खात्री तू दिली होतीस. मला हे तेव्हा सांगता आलं असतं. तू ऐकून घेतलं नसतंस, ही गोष्ट वेगळी.

तू गेलीस त्या दिवशी तुझ्या घरी बायकांच्या खोलीत बसले होते. कुराणाचं वाचन चालू होतं. तुझ्या मोठ्या जावेनं माझा हात धरून ठेवला होता, शेवटपर्यंत सोडला नाही. त्या दिवशी मी तुझ्या नवऱ्याला, जावेदभाईंना, नुसतं लांबून पाहिलं. नंतर गर्दी ओसरल्यावर पुन्हा गेले. ते शाळेत शिकवून नुकतेच आले होते, खांद्याला पिशवी तशीच. चहा त्यांनी स्वतः केला. साखर जास्त झाली होती.

इकडचं तिकडचं बोलून झालं आणि ते एकदम म्हणाले, "तुमचं ते भांडण कुठवर आलं?"

मी चमकले. "तिनं सांगितलं होतं तुम्हाला?"

"रोज सांगायची. जेवताना. मंजू ऐकत नाही, मंजू ऐकत नाही. मी म्हटलं, अगं, मग आपल्याच घराचं सांग ना तिला. घर नंबर एक, नळ एक, आम्ही तीन भाऊ आणि चुली तीन. हे सांगितलंस की मंजिरी एका मिनिटात मान्य करेल."

मी कप खाली ठेवला. ते घर मला माझ्या घराइतकं माहीत होतं. तिन्ही चुलींवरचं मी जेवलेय. तुझ्या धाकट्या जावेच्या हातची खिचडी आणि मोठीच्या हातचं सालन, दोन्हींची चव मला डोळे मिटून सांगता येईल. आणि तरी माझ्या चित्रात ते घर एकच चौकोन होतं.

"मग का नाही सांगितलं तिनं?" मी विचारलं.

जावेदभाईंनी आपलाही कप खाली ठेवला. मग तुझ्याच आवाजात बोलावं तसं म्हणाले, "म्हणाली, नक्को. मी घरचं सांगितलं तर मंजू माझ्यासाठी हो म्हणेल, मी आजारी आहे म्हणून हो म्हणेल. मला तसलं हो नको. तिला पटलं पाहिजे."

एवढं बोलून ते हसायला लागले आणि हसता हसताच त्यांनी रुमालानं डोळे पुसले. मीही हसले. खोलीत तुझ्याबद्दल बोलताना पहिल्यांदाच कुणीतरी हसत होतं. आतून तुझी मोठी जाऊ दारापर्यंत आली, आम्हाला बघून तीही थांबली आणि मग काही न विचारता आमच्याजवळ येऊन बसली.

पण मी लगेच मान्य केलं नाही, हे तुला सांगायलाच हवं. तुझ्यासाठी हो म्हणणं तुला नको होतं, तर मग मला खरंच बघायला हवं होतं. ऑफिसातली मुलं आणि मी बाहेर पडलो. जुन्या शहरातल्या गल्ल्यांत फिरलो, पडेगाव, हर्सूलकडच्या नव्या वसाहतींत गेलो, शेंद्र्याच्या वाटेवर कामगारांनी भाड्यानं घेतलेल्या खोल्या पाहिल्या. दार उघडणाऱ्याला विचारायचं, या नळाचं पाणी कोण कोण भरतं? एका घरात सासू-सुनेनं एकमेकींकडं पाहिलं आणि दोघींनी दोन वेगळी उत्तरं दिली. एका लांबलचक चाळीत मालकाला विचारलं तर तो म्हणाला, "नळ माझाच हाय," आणि त्याच्या मागच्या खोल्यांतून सगळेच ओरडले, "आमचा बी हाय!" एका नव्या इमारतीत तर पूर्ण सोसायटीला एकच जोडणी होती आणि सचिवांनी आम्हाला थांबवून तासभर आपली कैफियत ऐकवली. मालमत्ताही लागते, नुसरत, ते माझं चुकलेलं नव्हतं. पण ती एकटी पुरत नाही.

परवा दुपारी मी आराखडा उघडला. तुझा लाल चौकोन मी पुसलेलाच होता. नवा काढला. मालमत्तेपासून एक रेघ, जोडणीपासून एक रेघ, आणि जिथं एका नळावर अनेक कुटुंबं आहेत तिथं मधे आणखी एक छोटा चौकोन, कोण किती दिवसांपासून आहे हे सांगणारा. कुटुंब वेगळं झालं की जुनी नोंद राहील आणि नवी सुरू होईल. सतीश सर मागं येऊन उभे राहिले होते, मला कळलंच नाही. त्यांनी चित्र नीट पाहिलं आणि म्हणाले, "मिटलं म्हणायचं का तुमचं?"

मी हो म्हटलं.

तू जिंकलीस, नुसरत. समोर असतीस तर मी हे इतक्या सहज कबूल केलं नसतं. आणखी आठवडाभर तरी भांडले असते.